सर्वानुमते निवडलेली माशी

राहात्याच्या दीपाला राग कशाचा येतो, हे कुणी विचारू नये. कशाचा येत नाही ते विचारावं, म्हणजे उत्तर लवकर संपतं. पुढं ती पोलिसात भरती झाली, नव्या पोरींना नेमबाजी शिकवायला लागली, तेव्हाही तिचा हा लौकिक तिच्या आधी मैदानावर जाऊन पोचायचा. पहिल्या दिवशी ती पोरींना नुसता नेम धरायला लावायची आणि विचारायची, "तुला काय दिसतं?" पोरीनं उत्तरासाठी शेजारणीकडं पाहिलं की संपलं. "डोळा तिचा हाय का तुझा?" असं ती सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची. पोरींना वाटायचं, बाई उगाच तापट आहेत. पण उगाच कुणी तापट नसतं. दीपाच्या रागाला कारण होतं, आणि ते कारण हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठं नव्हतं.

पंच्याण्णव सालची गोष्ट. दीपा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील रंगनाथ पतसंस्थेत शिपाई, आई गीताबाई पेरूच्या बागांमधून तोडणीला आणि क्रेट भरायला जायची. पतसंस्थेचे अध्यक्ष काकासाहेब. ते पतसंस्थेचे अध्यक्ष होते, दूध सोसायटीचे होते, व्यायामशाळेचे होते आणि भजनी मंडळाचेही होते. भजन त्यांना येत नव्हतं, पण अध्यक्षाला कुठं गावं लागतं?

एकदा पुण्याला गेले असताना त्यांनी पिस्तूल नेमबाजीची स्पर्धा पाहिली आणि राहात्यातही असं मंडळ पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. खरं ते सांगितलं पाहिजे, पिस्तूल त्यांनीच आणलं. परवानग्यांसाठी खेटे घातले, थोडी पदरमोडही केली, आणि एके दिवशी परदेशी बनावटीचं, छर्‍यांवर चालणारं एक देखणं पिस्तूल मखमलीच्या पेटीतून गावात आलं. मंडळाचे सभासद म्हणून पतसंस्थेचे संचालक झाले, दोन व्यापारी झाले, तरी यादीत दोन नावं कमी पडत होती. काकासाहेब रंगनाथला म्हणाले, "तुझं नाव घाल. आन पोरीचंबी घाल." दीपा नेमबाज झाली ती अशी, रकाना भरायला.

संचालकांना पिस्तुलाचं कौतुक किती, तर हातात धरून फोटो काढून घेण्याइतकं. फोटो झाले, पेपरात छापून आले, आणि पिस्तूल पतसंस्थेमागच्या पेरूच्या गोडाऊनमध्ये कपाटात जाऊन बसलं. उन्हाळ्यात ते गोडाऊन मोकळंच असायचं. एका टोकाला पत्रा ठोकून त्यावर कागदी लक्ष्य लावायची सोय केली होती. किल्ली रंगनाथच्या कमरेला. दीपा रोज दुपारी किल्ली घ्यायची, घामानं भिजत एकटीच नेम धरायची आणि संध्याकाळी बापाच्या हातात किल्ली परत द्यायची. रंगनाथ कधी दारात उभा राहून बघायचा. लक्ष्याच्या काळ्या गोलात भोकांचा पुंजका जमलेला दिसला की काही न बोलता मान हलवायचा आणि जायचा. पोरीला तेवढं पुरायचं.

आता माशीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला एक बारकीशी उभी पट्टी असते, तिला माशी म्हणतात. मागं, मनगटाच्या वर, एक चौकोनी खाच असते. खाचेतून बघायचं, माशी खाचेच्या बरोबर मध्ये आणायची आणि माशीच्या दोन्ही अंगांना उजेडाची सारखी फट राहिली पाहिजे. डावीकडची फट बारीक झाली तर पिस्तूल डावीकडं कललं, उजवीकडची झाली तर उजवीकडं. लक्ष्य थोडं पुसट दिसलं तरी चालतं. त्या दोन फटी मात्र दिसल्याच पाहिजेत. पिस्तुलाच्या पेटीत तीन माश्या आल्या होत्या, बारीक, मध्यम आणि जाड, आणि त्या बदलायला इवलासा पेचकस. कंपनीनं तीन दिल्या त्या काही उदार होऊन दिल्या नव्हत्या. माणसाचा हात किती लांब, नजर कशी, यावर कुणाला कोणती लागेल ते ठरतं.

दीपा उंच. हात लांब, काटक. हात पुरा पसरला की खाच डोळ्यापासून लांब जायची आणि मग जाड माशीनं ती पुरती भरून जायची. मध्यमनं उजेडाचा नुसता केस दिसायचा, तोही दुपारी दार उघडं असेल तर. बारीक माशी बसवली आणि तिला पहिल्यांदा दोन्ही बाजूंना स्वच्छ, सारख्या दोन फटी दिसल्या. त्या दिवशी ती घरी येऊन आईला म्हणाली, "आज मला चष्मा लागल्यासारखं झालं." गीताबाईला वाटलं पोरीचे डोळे बिघडले.

तोपर्यंत जिल्ह्याच्या स्पर्धेची बातमी आली आणि झोपलेले संचालक जागे झाले. एकेक जण गोडाऊनमध्ये येऊ लागला. जो येई तो आपल्या सोयीनं स्क्रू पिळी, माशी बदली, आणि पुढचा आला की त्याच्या नावानं बोटं मोडी. दीपानं दुपारी यावं तर माशी जाड, खाच वाकडी, छर्रा पत्र्याच्या कडेला. ती पुन्हा सगळं जागेवर आणी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तक्रारी काकासाहेबांकडं गेल्या. काकासाहेबांना तक्रारीवर एकच औषध ठाऊक होतं, ते म्हणजे सभा.

आपल्याकडं, या साखरेच्या पट्ट्यात, माणसाला शिंकायचं झालं तरी सूचक आणि अनुमोदक लागतो. सभा बोलावली. पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या, त्या रंगनाथनंच मांडल्या. विषय क्रमांक एक, मागील सभेचा वृत्तांत. विषय क्रमांक दोन, पिस्तुलाची माशी निश्चित करणे. खोटं वाटेल, पण असंच होतं.

"हे बघा," काकासाहेब म्हणाले, "ज्यानं त्यानं उठून स्क्रू पिळायचा, हे बंद झालं पाहिजे. अशानं पिस्तुलाचं वाटोळं हुईल. पिस्तूल मंडळाचं हाय. तवा मंडळाची एकच माशी असावी, सगळ्यांना चालंल अशी."

त्यांनी जाड माशी लावलेलं पिस्तूल उचललं, एक डोळा मिटला आणि समाधानानं मान हलवली. काकासाहेबांचं वय साठीकडं झुकलेलं, हात आखूड, जवळचं अंमळ पुसट दिसायचं. त्यांना जाडच लागणार, त्यात त्यांचा दोष नाही. दोष पुढं झाला. पिस्तूल खुर्च्यांवरून फिरलं. दर संचालकानं ते उचललं आणि "ठळक दिसती" असं म्हणून पुढं दिलं. एकानं नेम धरताना दोन्ही डोळे मिटले होते, तोही म्हणाला, ठळक दिसती.

पिस्तूल दीपाकडं आलं. तिनं हात पसरला, पाहिलं आणि खाली ठेवलं.

"मला फट दिसत न्हाई," ती म्हणाली. "खाच बुजती समदी."

"सगळ्यांना दिसती, तुलाच कशी दिसत न्हाई?" काकासाहेबांनी विचारलं.

"सगळ्यांचे हात माझ्याएवढे न्हाईत. डोळे तर न्हाईतच. काकासाहेब, तुमी चपला कधी ठराव करून घेता का?"

दोघंतिघं हसले. काकासाहेब हसले नाहीत. "पोरी, चप्पल ज्याची त्याची असती," ते शांतपणे म्हणाले. "पिस्तूल मंडळाचं हाय."

उत्तर बिनतोड होतं, म्हणून तर दीपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या हाती ससा तो पारधी. तिनं सांगून पाहिलं की स्क्रू कुठं किती फिरवला याची खूण ठेवली तर ज्याची त्याची माशी लावता येते, पिस्तुलाला काही होत नाही, पुण्याला सगळे तसंच करतात म्हणे. पालथ्या घड्यावर पाणी. कुणीतरी जाड माशीचा ठराव मांडला, कुणीतरी अनुमोदन दिलं आणि काकासाहेब म्हणाले, "मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. दारापाशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या रंगनाथकडं काकासाहेबांनी पाहिलं. "तूबी सभासद हाईस की रं." रंगनाथनं ट्रे स्टुलावर ठेवला. हात छातीपर्यंत आला, तिथं जरा घुटमळला आणि मग वर गेला.

"सर्वानुमते मंजूर," काकासाहेब म्हणाले.

"सर्वानुमते कसं काय? मी हात वर केला न्हाई."

"एका हातानं काय हुतंय?" ते म्हणाले आणि दाराकडं वळले. "रंगनाथ, लाख आन."

पतसंस्थेत रोकडीच्या पिशव्यांना लाखेचं सील करायचं काम रंगनाथचं. त्यानं मेणबत्ती पेटवली, लाल लाख वितळवली आणि माशीच्या आणि खाचेच्या स्क्रूवर तिचे थेंब टाकले. हात सराईत होता, एक थेंब इकडं तिकडं गेला नाही. दीपा बघत होती. त्या लाखेचा तिला जेवढा राग आला तेवढा काकासाहेबांचाही आला नव्हता.

घरी गेल्यावर तिनं चप्पलही न काढता विचारलं, "तुमी हात का वर केला, आबा? तुमी तर रोज बघत हुता दारातून. तुमाला ठाव हुतं."

रंगनाथ खाटेवर बसून टोपी झटकत होता. "हात माझा हाय, पोरी," तो म्हणाला. "पगार त्यांचा हाय."

"मंग डोळेबी त्यांनाच देऊन टाका."

गीताबाईनं ताटं वाढली आणि दोघांनाही आधी जेवायला सांगितलं. त्या दिवसापासून दीपा बापाशी बोलेनाशी झाली. किल्ली हवी असली तरी "आई, किल्ली दे म्हणावं" असं त्याच्या समोर उभं राहून म्हणायची. रंगनाथ किल्ली भिंतीतल्या खिळ्याला अडकवून बाजूला व्हायचा. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखाली उभं राहून असं अबोल्यानं वागायची आपल्याला लाज वाटते, असं दीपा एकदा आईला म्हणाली, पण राग काही गेला नाही.

जाड माशीनं जे व्हायचं ते झालं. खाचेत नुसता काळा ठोकळा दिसायचा, पिस्तूल डावीकडं गेलं की उजवीकडं ते कळायचंच नाही, आणि छर्रे लक्ष्यभर पांगायचे. दीपानं हात थोडा आखडून पाहिला, तर दंड थरथरायला लागला. मान पुढं घालून पाहिली, तर मान धरली. एक संचालक येऊन बघून गेले आणि बाहेर जाऊन म्हणाले, सुरुवातीला नशिबानं लागत होते पोरीचे. हे तिच्या कानावर आलं. तिनं त्या दिवशी गोडाऊनच्या दाराला अशी लाथ मारली की बिजागरी निघाली. ती रंगनाथनं गुपचूप बसवली.

तरीही जिल्ह्यात पोरींमध्ये तिच्यापुढं कुणी गेलं नाही, कारण पांगलेले छर्रेसुद्धा तिचे इतरांपेक्षा बरे होते. संचालकांतला एकही पुढं सरकला नाही. पुण्याला राज्याच्या निवड स्पर्धेला मंडळाकडून दीपा एकटीच जाणार, हे ठरलं. ही निवड झाली तर राष्ट्रीय स्पर्धा, आणि राष्ट्रीयला खेळलेल्या पोरीला पोलिस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात, हे कॉलेजच्या सरांनी तिला सांगितलं होतं. पेरूच्या क्रेटमधून आणि पतसंस्थेच्या ट्रेमधून घराला बाहेर काढायचा तिला दिसणारा रस्ता तो एवढाच होता.

सोबत गीताबाई गेली. स्पर्धेच्या आदल्या दुपारी सराव होता. दीपानं तिथं पाहिलं, दर पोरीच्या हातात पेचकस होता. एक जण माशी बदलत होती, एक खाच रुंद करत होती, एकीनं दिव्याची काजळी माशीवर धरून तिची चकाकी मारली होती. कुणी कुणाला विचारत नव्हतं. कुणी हात वर करत नव्हतं. दीपा पिस्तूल मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिली.

"काय बघती?" गीताबाईनं विचारलं.

"लाख."

"कुनी लावली?"

"तुझ्या नवऱ्यानं."

गीताबाईनं बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि लेकीपुढं धरली. "घे. काढ. तू सारखी त्याच्यावर जळती, पन त्याला घरात झोप न्हाई त्या दिसापासनं. काढ ती, आन नीट मार."

दीपानं पिननं लाख कोरली. लाल चुरा मांडीवर पडला. बारीक माशी बसवली, खाच जुळवली, हात पसरला. दोन फटी पुन्हा दिसल्या, दोन्ही सारख्या, मध्ये काळी रेघ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला, कारण पाण्यानं फटी पुसट व्हायला लागल्या. दुसऱ्या दिवशी ती अशी खेळली की शेवटच्या फैरीला तिच्यामागं लोक येऊन उभे राहिले. राज्याच्या संघात तिचं नाव लागलं.

राहात्यात बातमी आली आणि काकासाहेबांनी सत्कार ठेवला. पतसंस्थेसमोर मांडव घातला, स्पीकर लावला, पेढे आणले. दीपाला शाल घातली, नारळ दिला. गीताबाईला पहिल्या ओळीत खुर्ची दिली, हे मान्य केलं पाहिजे. मग काकासाहेब बोलायला उभे राहिले. पंधरा ऑगस्टला बोलतात तसे बोलले. मंडळ कसं उभं राहिलं, पिस्तूल कसं आणलं, सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मंडळींनो, हे यश एकट्याचं न्हाई. पिस्तुलाला माशी कोनती असावी याचा आपन साधकबाधक विचार केला, सर्वानुमते निर्णय घेतला. काही जनांचा विरोध हुता. पन आज त्याच माशीनं तालुक्याचं नाव राज्यात नेलं. याला म्हनतात सहकार."

टाळ्या पडल्या. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पेढा तोंडात घालून गप्प बसलं असतं. त्यांचं बोलणं त्यांच्यापाशी, आपलं काम आपल्यापाशी. राष्ट्रीय स्पर्धा महिन्यावर आली होती, पिस्तूल मंडळाचं होतं, अडला हरी गाढवाचे पाय धरी. पण दीपाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा तिनं माइक हातात घेतला आणि सरळ सांगितलं.

"ती माशी पेटीत हाय. मी लाख काढली आन माझी माशी लावली. त्या माशीवर मी खेळले असते तर शेवटून पहिली आले असते."

मांडवात कुणी टाळी वाजवली नाही. स्पीकर तेवढा घुमत राहिला. मागं पेढ्यांचा ट्रे धरून रंगनाथ उभा होता. पुढं चार लोक हसले, आणि त्या हसण्यानंच घात केला. काकासाहेबांना तोंडावर खोटं पाडलेलं चाललं असतं; लोक हसलेले त्यांना कधी चालायचे नाहीत.

आठवड्याच्या आत पुन्हा सभा. त्याच खुर्च्या, तोच वरचा मजला. काकासाहेब रागावलेले दिसत नव्हते. ते कागद पुढं ओढून म्हणाले, "प्रश्न माशीचा न्हाई. प्रश्न शिस्तीचा हाय. आपल्या ठरावाची लाख फोडायची आन वर चार लोकांत सांगायचं, हे मंडळाला परवडायचं न्हाई. तिनं लेखी माफी मागावी, माशी हुती तशी बसवावी. तोवर पिस्तूल तिला देऊ नये. ठराव लिहिलेला हाय." मग त्यांनी दाराकडं पाहिलं. "रंगनाथ, इकडं ये. तू मांड ठराव. बापाच्या तोंडून आलं म्हंजे कुनाला वाटायचं न्हाई की आमी पोरीवर डूक धरला."

दीपाला क्षणभर कळेचना की आपण काय ऐकलं. मग कळलं. आतापर्यंत तिचा राग दोन ठिकाणी वाटला गेला होता, थोडा या माणसावर आणि पुष्कळसा बापावर. त्या घटकेला तो सगळाच्या सगळा एका जागी येऊन थांबला. लेकीच्या गळ्याला दोर लावायचा आणि दुसरं टोक बापाच्या हातात द्यायचं, आणि याला सहकार म्हणायचं. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं तिनं पाहिली होती, पण शेळीलाच शेळी हाकायला लावणारा हा पहिलाच.

रंगनाथ टेबलापाशी येऊन उभा राहिला. कागद हातात घेतला. तो सातवीपर्यंत शिकलेला, वाचायची अडचण नव्हती. त्यानं वाचायला सुरुवात केली. "मंडळाच्या सभासद कुमारी दीपा रंगनाथ यांनी मंडळाचा," आणि पुढच्या शब्दाला थांबला.

"वाच," काकासाहेब म्हणाले.

"विश्वासघात केला आसून," रंगनाथनं वाचलं. मग उरलेलं भराभर, एका दमात वाचून टाकलं आणि कागद खाली ठेवून मागं वळला.

"थांब. सूचकानं बसायचं नसतं. अनुमोदन येऊ दे." काकासाहेबांनी सभेकडं पाहिलं. "अनुमोदन?"

कुणी बोललं नाही. मांडवात या सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. दोघांनी तर पोरीच्या डोक्यावर हात ठेवून "नाव काढलंस" म्हटलं होतं. आता एकजण आपल्या घड्याळाकडं बघत होता, एकजण पंख्याकडं, बाकीचे आपापल्या चपलांकडं. विरोध करायची छाती एकालाही नव्हती आणि अनुमोदन द्यायची लाज सगळ्यांना होती. नामर्दांना जेवढं करता येतं तेवढं त्यांनी केलं, ते गप्प बसले. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव पडतो, हे खुर्चीवरच्या दर माणसाला पाठ होतं. दीपालाही ठाऊक होतं. नुसतं बसून राहिलं की झालं, पिस्तूल तिचं, स्पर्धा तिची.

"मला घाई न्हाई," काकासाहेब म्हणाले. "अनुमोदन येईस्तोवर सभा चालू राहील. रंगनाथ, उभा राहा."

रंगनाथ उभा राहिला. खाली कॅशियरनं शटर ओढल्याचा आवाज आला. वर कुणीतरी खोकलं. रंगनाथचा उजवा गुडघा जुना दुखरा होता, पायऱ्या चढउतर करून झिजलेला. त्यानं भार डाव्या पायावर घेतला, मग पुन्हा उजव्यावर. टेबलाला हात टेकवावा की नाही याचा विचार करून त्यानं हात मागं घेतला. तोंडावर काही नव्हतं. राग नाही, लाज नाही, काहीच नाही. पतसंस्थेच्या दारात, साहेबांच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या मागं तो असाच उभा राहत आला होता, आणि वेळ पडली तर सकाळपर्यंत उभा राहिला असता. सभेतल्या एकालाही त्यात वावगं दिसत नव्हतं. ते दीपाला दिसलं, आणि तिच्यानं बसवेना.

"अनुमोदन माझं," ती म्हणाली.

पंख्याकडं बघणारा खाली बघायला लागला.

"तुझं?" काकासाहेबांनी विचारलं.

"मी सभासद हाय ना? लिहा. सूचक रंगनाथ, अनुमोदक दीपा. आता त्यांना बसू द्या."

काकासाहेबांनी लिहिलं नाही लगेच. पेन हातात धरून ते पोरीकडं बघत राहिले. पण सभा त्यांनीच बोलावली होती, ठराव त्यांनीच लिहिला होता, मागं फिरायला त्यांनी स्वतःलाही जागा ठेवली नव्हती. हात वर करायला सांगितलं. हळूहळू वर आले. दीपा त्यांच्याकडं न बघता उठली, बापाच्या दंडाला धरलं आणि जिन्याकडं चालायला लागली.

दोघं बाजारतळावरून घराकडं निघाले. रंगनाथ लंगडत होता, म्हणून तीही हळू चालत होती. माशीच्या सभेनंतर बापलेक इतका वेळ बरोबर चालले नव्हते.

"माफी लिहून देनार का?" रंगनाथनं विचारलं.

"न्हाई."

"मंग पिस्तूल मिळायचं न्हाई. नाव जाईल तुझं. दुसरी पोरगी जाईल."

"जाऊ द्या. पुढल्या वर्षी बघीन कुठूनतरी."

रंगनाथनं टोपी सारखी केली. मग म्हणाला, "कुनीच देत न्हवतं अनुमोदन. पडला असता ठराव. तू का दिलंस?"

"कवा पडला असता? तुमी खाली पडल्यावर?"

"मी काय पडत न्हवतो," रंगनाथ म्हणाला. "मला उभं राहायची सवय हाय, पोरी."

"व्हय," दीपा म्हणाली. "त्याचाच राग येतो मला."